पाण्यातून दिसणारी घरं

मंडळी, ऑनसाइटला अमेरिकेत गेलेल्या टीममधला एकजण तरी मायामीला जाऊन येतोच, आणि त्याच्या अल्बममध्ये बोटीतून काढलेले बंगल्यांचे फोटो असतात. स्टार आयलंडचे. १९२२ साली खाडीच्या तळातला गाळ उपसून तयार केलेलं हे बेट. जायला एकच पूल, पुलाच्या तोंडाशी पहारेकरी. पण भोवतालचं पाणी सगळ्यांचं! त्यामुळे पर्यटकांच्या बोटी तिथं फेऱ्या मारतात आणि गाईड माईकवरून सांगत असतो, हा बंगला अमक्या गायकाचा, तो तमक्या नटाचा. थोडक्यात काय, तर तिकीट काढून दुसऱ्याचं परसदार बघायचं.

पाण्याकाठी ऐसपैस घर बांधायची हौस आपल्याकडेही जुनीच आहे. ती बघायला मायामी नको, पुण्याहून दोनेक तासांवरचं वाई पुरे. वाईपासून तीनेक किलोमीटरवर कृष्णेच्या काठी मेणवली आहे. 'स्वदेस' (२००४) पाहिला असेल तर तिथला घाट तुम्ही ओळखताच. त्या घाटावरचा वाडा नाना फडणवीसांचा.

नाना म्हणजे बाळाजी जनार्दन भानू. जन्म १७४२, मृत्यू १८००. पेशवाईचा हिशेब आणि पुढं जवळपास सगळा कारभार सांभाळलेला माणूस. मेणवली गाव त्यांना १७६८ मध्ये औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींकडून इनाम मिळालं. मग नानांनी तिथं वाडा उभारला. आत सहा चौक, बाहेरून किल्ल्यासारखी उंच भिंत. आजच्या भाषेत सांगायचं तर पक्कं गेटेड सेकंड होम. पण फक्त हवापालटाचं नव्हे बरं का. सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतर पेशवेपदावरून जो गोंधळ झाला, त्यात १७९६ मध्ये नानांना पुणं सोडावं लागलं. तेव्हा ते आधी वाईकडे आले आणि मग घाट उतरून महाडला गेले. राजकारणात पाय घसरला तर टेकायला जागा हवी, हे त्या हिशेबी माणसाला पक्कं ठाऊक असणार. त्यांच्या कागदपत्रांचा मोठा साठाही याच वाड्यात राहिला. इतिहासाचे अभ्यासक त्याला मेणवली दप्तर म्हणतात.

आता मुद्द्यावर येतो. वाडा खाजगी, पण वाड्यापुढचा नदीकाठ नानांनी भिंत घालून अडवला नाही. तिथं त्यांनी चंद्रकोरीसारखा दगडी घाट बांधला, मेणेश्वराचं आणि विष्णूचं देऊळ बांधलं. शेजारच्या छोट्या दगडी इमारतीत एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधून आलेली ही घंटा! खुद्द वाईतही तेच. गणपतराव रास्त्यांनी १७६२ मध्ये ढोल्या गणपतीचं देऊळ नदीच्या पात्रालगत बांधलं. त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, म्हणजे पुराचं पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं. अठराव्या शतकातलं हे डिझाइन बघून आपल्यातल्या इंजिनियरनं सलामच ठोकावा. त्या काळच्या श्रीमंतांचा हिशेब असा होता की घर माझं, पण काठावर पैसा लावायचा तो चारचौघांसाठी. त्यात पुण्य होतं आणि मिरवणंही होतंच की.

मात्र 'चारचौघं' म्हणजे नेमकं कोण? जुने दिवस किती छान, असं म्हणून मोकळं होता येत नाही ते इथंच. ज्यांना अस्पृश्य ठरवलं होतं त्यांना असे पाणवठे बंदच असत. नाना ज्या महाडला गेले, तिथंच २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेण्यासाठी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. पायऱ्या होत्या, पण उतरायची मुभा सगळ्यांना नव्हती.

मेणवलीहून वर गेलं की धोम धरण लागतं. साडेतेरा टीएमसीचा जलाशय, भोवती डोंगर, वर कमळगड. सुट्टीच्या दिवशी तिथं बोटीची फेरी मारता येते. आणि बोटीतून काय दिसतं? काठावरचे बंगले आणि फार्महाऊस! आपलं छोटं स्टार आयलंडच. फरक एवढाच की मायामीला पाण्यातून जमीन काढली, इथं जमिनीवर पाणी आणलं. बोटीखाली कुणाची तरी शेतं आहेत, वस्त्या आहेत. ती माणसं उठून दुसरीकडे गेली आणि त्यांनी नव्यानं गाव मांडलं. त्यांच्या त्यागावर खालच्या तालुक्यांतली शेती भिजते, ते ठीकच. पण 'लेक व्ह्यू' नावाची जी वस्तू आज जाहिरातीत विकली जाते, तीही त्यांच्याच जमिनीतून तयार झालीय. तिच्या किमतीत त्यांचा वाटा शून्य.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे नद्या, ओढे, तलाव यांचे तळ सर्वसाधारणपणे सरकारच्या, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या मालकीचे. कागदावर पाणी आपलंच आहे हो. पण पाण्यापर्यंत पोचायची वाट कुंपणांच्या मधून जात असेल, तर ती मालकी बोटीच्या तिकिटापुरतीच उरते.

आपल्या पिढीतले बरेचजण आता अशा प्लॉटची चौकशी करतायत. हप्ते परवडतात, वीकएंडला शांतता मिळते, त्यात गैर काहीच नाही. फक्त साइट बघायला जाल तेव्हा एजंटला व्ह्यूबद्दल विचारून झालं की आणखी एक प्रश्न विचारा: शेजारच्या गावातल्या माणसाला गुरं घेऊन पाण्यावर यायचं असेल, तर वाट कुठून आहे?