भेंडीबाजार : आधी प्लेग, मग पागडी, आता टॉवर

मुंबईच्या भेंडीबाजाराचे नाव कुठून आले यावर अजून वाद घालतात. कोणी म्हणते इथे भेंडीची झाडे होती. कोणी म्हणते क्रॉफर्ड मार्केटच्या मागचा म्हणून गोरे त्याला ‘बिहाइंड द बझार’ म्हणत. मला झाडांची गोष्ट पटते. गल्ल्यांना नावे लोक देतात, साहेब नव्हे.

जुने पाडून नवे बांधण्याची भाषा या भागाला नवी नाही. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग शिरला आणि १८९८ मध्ये सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. हवा खेळावी म्हणून दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढले. जवळचा सँडहर्स्ट रोड त्यातलाच. हवा आली, पण घरे गेलेल्या गरिबांनी आसपासच्या चाळींतच दाटी केली.

पुढे १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. कारागिराला शहरात राहता आले, दुकानदाराला पागडीवर पिढ्यान्‌पिढ्या गाळा टिकवता आला. पण एवढ्याशा भाड्यात मालक दुरुस्ती कशाला करील? दोष एकट्या मालकाचा किंवा एकट्या भाडेकरूचा नव्हता. दोघांनाही काहीच न हलवणे सोयीचे झाले होते. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी पाकमोडिया स्ट्रीटवरची शतकभर जुनी हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसे गेली. ‘जुन्या मुंबईची शान’ असे लिहिताना मला हा आकडा आठवतो.

ही इमारत पुनर्विकासाच्या यादीत होती. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सय्यदना मोहम्मद बुरहानुद्दीन यांनी २००९ मध्ये सैफी बुरहानी अपलिफ्टमेंट ट्रस्ट स्थापन केला. साडेसोळा एकर जागा, सुमारे २५० इमारती, ३,२०० कुटुंबे, १,२५० दुकाने. भाडेकरूला मालकीचे घर, निदान ३५० चौरस फुटांचे. पहिले टॉवर २०२० मध्ये उभे राहिले. जुन्या ट्रस्टने माणसे हटवली, हा त्यांना तिथेच ठेवू पाहतो. हा फरक मोठा आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे.

माझा प्रश्न बाजाराचा आहे. मी बेलापूरचा. आमच्या गावाचे नाव घेऊन रेल्वे स्टेशन श्रीरामपूरला उभे आहे, आणि मोठी बाजारपेठही तिकडेच वाढली. गिऱ्हाइकाची वाट बदलली की बाजार बदलतो, हे आम्हाला कोणी शिकवावे लागत नाही.

ज्याच्याकडे भाडेपावती आहे त्याचे नाव यादीत येते. पण दुकानाच्या पायरीवर बसून घड्याळ दुरुस्त करणारा, दुसऱ्याच्या ओट्यावर अत्तराच्या बाटल्या मांडणारा, रमजानमध्ये संध्याकाळी हातगाडी लावणारा, यांच्या जागा तोंडी शब्दावर चालत आल्या. मालक सलाम घेई आणि जागा देई. असा व्यवहार नकाशात काढता येत नाही. आणि पावती असलेल्याचा गाळा पहिल्या मजल्यावर गेला, तर चालता चालता थांबणारे गिऱ्हाईक जिना चढून वर येईल का? टॉवरच्या पायथ्याशी ओटे असतील का, आणि असले तर पहारेकरी तिथे कोणाला बसू देईल?