पृथ्वी गिळणारे यंत्र : एका भीतीचा इतिहास

१/ १० सप्टेंबर २००८. फ्रान्स आणि स्वित्झर्लंड यांच्या सीमेवर, जमिनीखाली सुमारे १०० मीटर खोलीवर, २७ किलोमीटर परिघाच्या बोगद्यात प्रोटॉनचा पहिला झोत पूर्ण फेरी मारून परतला. 'सर्न' या संस्थेच्या नियंत्रण कक्षात टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याच दिवशी भारतातील कित्येक वृत्तवाहिन्या जगाचा अंत जवळ आला आहे काय, यावर चर्चा करीत होत्या. या भीतीचा उगम, प्रवास आणि तिने मागे ठेवलेला प्रश्न यांविषयी हा थ्रेड.

२/ प्रथम एक वस्तुस्थिती. त्या दिवशी लार्ज हॅड्रॉन कोलायडर या यंत्रात एकही टक्कर घडवली जाणार नव्हती. झोत एका वेळी एकाच दिशेने फिरवून पाहायचा, एवढाच कार्यक्रम होता. कृष्णविवर निर्माण होऊन पृथ्वी गिळली जाईल ही धास्ती टक्करींविषयी होती, आणि पहिल्या टक्करी झाल्या त्या थेट नोव्हेंबर २००९ मध्ये. त्या दिवसाची मात्र फारशी कोणी दखल घेतली नाही.

३/ ही भीती अडाणीपणातून जन्मली असे सहज म्हटले जाते. कागदपत्रे वेगळे सांगतात. मार्च १९९९ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकात न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेतील नव्या यंत्राविषयी लेख आला. तेथे सोन्याच्या अणूंची केंद्रके जवळजवळ प्रकाशवेगाने एकमेकांवर आदळवली जाणार होती. विश्वाच्या जन्मानंतरच्या पहिल्या क्षणांतील द्रव्य पुन्हा निर्माण करून पाहणे हा त्यामागील हेतू.

४/ लेख वाचून वॉल्टर वॅग्नर नावाच्या वाचकाने संपादकांना पत्र लिहिले : या टक्करींतून छोटे कृष्णविवर तयार झाले तर? पत्र जुलैच्या अंकात छापले गेले आणि सोबत भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक विल्चेक यांचे उत्तरही. पुढे २००४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळवणारे हेच ते विल्चेक. कृष्णविवराची शक्यता त्यांनी निकालात काढली. मात्र पाठोपाठ त्यांनी स्वतःहून 'स्ट्रेंजलेट' या दुसऱ्या काल्पनिक धोक्याचा उल्लेख केला.

५/ स्ट्रेंजलेट म्हणजे अशा द्रव्याचा कण, जो सैद्धांतिकदृष्ट्या शेजारच्या साध्या द्रव्यालाही आपल्यासारखे करीत जाईल. विरजणाचा थेंब जसे सारे दूध बदलून टाकतो, तसे. हेही घडणार नाही, असे विल्चेक यांनी त्याच उत्तरात स्पष्ट केले होते. पण त्याच महिन्यात लंडनच्या 'संडे टाइम्स'ने हे यंत्र पृथ्वी नष्ट करू शकते, अशा आशयाचा मथळा दिला. शास्त्रज्ञाच्या प्रामाणिक उत्तरातील पहिला अर्धा भाग जगभर गेला, दुसरा मागे राहिला.

६/ असा प्रश्न विज्ञानापुढे प्रथमच आला होता असे नाही. १९४२ च्या उन्हाळ्यात, ओपेनहायमर यांनी बर्कली येथे बोलावलेल्या बैठकीत एडवर्ड टेलर यांनी शंका काढली होती : अणुस्फोटाच्या उष्णतेने वातावरणातील नायट्रोजनच पेटला तर? हान्स बेथे यांनी आकडेमोड करून ती भीती फोल ठरवली. तरीही १६ जुलै १९४५ च्या ट्रिनिटी चाचणीपूर्वी एन्रिको फर्मी वातावरण पेटेल की नाही यावर पैजा लावायला तयार होते. विनोद कडवट होता. सामान्य माणसाला त्यातले काहीच ठाऊक नव्हते.

७/ १९४५ आणि १९९९ यांतील खरा भेद येथे आहे. लॉस अलामॉसमध्ये प्रश्न विचारणारे आणि उत्तर देणारे तेच मूठभर लोक होते, आणि दोन्ही गोष्टी पोलादी दाराआड होत्या. ब्रुकहेवनचा प्रश्न मात्र एका मासिकाच्या वाचकांच्या पत्रव्यवहारातून आला आणि त्याचे उत्तर चारचौघांत द्यावे लागले. प्रयोगशाळेचे संचालक जॉन मारबर्गर यांनी चार भौतिकशास्त्रज्ञांची समिती नेमली आणि तिचा अहवाल सर्वांसाठी खुला केला. समितीत स्वतः विल्चेकही होते.

८/ समितीचा सर्वांत प्रभावी साक्षीदार होता चंद्र. अंतराळातून येणारे विश्वकिरण म्हणजे प्रचंड ऊर्जेचे कण, आणि त्यांत लोखंडासारखी जड केंद्रकेही असतात. चंद्राला वातावरणाचे कवच नाही, त्यामुळे ही केंद्रके अब्जावधी वर्षे त्याच्या मातीवर थेट आदळत आली आहेत. ब्रुकहेवनमध्ये जे करायचे होते त्याच्याशी तुलना होईल असा प्रयोग निसर्गाने तेथे आधीच असंख्य वेळा केला होता. चंद्र मात्र जागच्या जागी आहे.

९/ एवढ्यावर वाद मिटायला हवा होता. पण केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ एड्रियन केंट यांनी वेगळाच मुद्दा काढला. त्या काळातील एका शोधनिबंधाच्या आधारे धोक्याची कमाल मर्यादा पाच कोटींत एक अशी सांगता येत होती, आणि ती सुरक्षित मानली जात होती. केंट यांनी गुणाकार केला : जगाची लोकसंख्या ६०० कोटी, म्हणजे सरासरी अपेक्षित मृत्यू १२०. एखाद्या प्रयोगात १२० माणसे मरतील असे सरळ सांगितले, तर त्याला कोणी परवानगी देईल काय?

१०/ यंत्र धोकादायक आहे, असे केंट यांचे म्हणणे नव्हते. 'पुरेसे सुरक्षित' म्हणजे किती, हे कोणी ठरवायचे, हा त्यांचा प्रश्न होता. धोका किती, हे भौतिकशास्त्र सांगेल. तो पत्करायचा की नाही, हा निर्णय मात्र केवळ भौतिकशास्त्रज्ञांचा नाही. ब्रुकहेवनचे यंत्र २००० मध्ये सुरू झाले आणि वर्षानुवर्षे सुरळीत चालले. प्रश्न तेथेच राहिला आणि पुढच्या यंत्राची वाट पाहू लागला.

११/ पुढचे यंत्र म्हणजे सर्नचे. यावेळीही ठिणगी शास्त्रज्ञांच्याच लेखणीतून पडली. अवकाशाला आपल्याला न दिसणाऱ्या आणखी मिती असतील, तर या यंत्रात सूक्ष्म कृष्णविवरे निर्माण होऊ शकतील, असे शोधनिबंध २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. लेखकांना त्यात भय नव्हे, तर सुवर्णसंधी दिसत होती. स्टीफन हॉकिंग यांच्या १९७४ मधील सिद्धांतानुसार अशी विवरे क्षणार्धात विरून जाणार होती. ऊर्जेचे प्रमाणही लक्षात घ्यावे : एका प्रोटॉनची ऊर्जा उडत्या डासांच्या जेमतेम अर्ध्या डझनभर जोड्यांनाही पुरणार नाही. फरक एवढाच की ती अतिसूक्ष्म जागेत एकवटलेली असते.

१२/ टीकाकारांचा एक आक्षेप मात्र दखलपात्र होता. विश्वकिरणांतून तयार झालेले विवर वेगामुळे पृथ्वीच्या आरपार निघून जाईल. यंत्रात समोरासमोरच्या टक्करीतून जन्मलेले विवर मंदगती असेल आणि येथेच अडकून राहील. मग चंद्राची साक्ष कशी चालणार? शिवाय हॉकिंग यांचे किरणोत्सर्जन कोणी प्रत्यक्ष पाहिलेले नाही.

१३/ स्टीव्हन गिडिंग्ज आणि मिकेलांजेलो मँगानो यांनी २००८ मध्ये या आक्षेपाला उत्तर दिले. हॉकिंग चुकले असे घटकाभर गृहीत धरा, असेच त्यांनी म्हटले. आता श्वेत बटू आणि न्यूट्रॉन तारे पाहा. ते इतके घन आहेत की वेगवान विवरही त्यांत अडकेल. विवरे घातक असती, तर हे तारे केव्हाच नाहीसे झाले असते. ते आकाशात आहेत, म्हणून आपण निर्धास्त राहावे. हा भक्कम युक्तिवाद टीकाकारांच्या रेट्याशिवाय इतक्या काटेकोरपणे मांडला गेला असता का, याविषयी शंका आहे.

१४/ प्रकरण न्यायालयातही गेले. मार्च २००८ मध्ये वॅग्नर आणि लुईस सांचो यांनी हवाई येथील अमेरिकी संघीय न्यायालयात दावा दाखल केला. तो सप्टेंबरमध्ये फेटाळला गेला, कारण अधिकारक्षेत्राचे. २०१० मध्ये अपील न्यायालयाने सांगितले की कथित हानी निव्वळ अटकळ आहे. युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेही ऑगस्ट २००८ मध्ये तातडीची स्थगिती नाकारली होती. कृष्णविवराचे भौतिकशास्त्र न्यायासनासमोर तपासले जाण्याची वेळ आलीच नाही.

१५/ भारतात या साऱ्याचे काय पोहोचले? या यंत्राच्या चुंबकांना आधार देणारे हजारो जॅक इंदूरच्या केंद्राने पुरवले होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ एका महाप्रयोगात सहभागी होते. पडद्यावर मात्र दिसले ते 'महाप्रलय' आणि लिऑन लेडरमन यांच्या १९९३ च्या पुस्तकामुळे रूढ झालेले, मराठीत 'देवकण' बनलेले नाव. मध्य प्रदेशातील एका शाळकरी मुलीने या बातम्यांच्या धास्तीने जीवन संपवल्याचे वृत्त त्याच आठवड्यात आले. पृथ्वीला काहीही झाले नाही, एका घरातला दिवा मात्र विझला.

१६/ नऊ दिवसांनी, १९ सप्टेंबरला, यंत्रात खरोखरच अपघात झाला. दोन चुंबकांमधील विजेचा एक सदोष जोड निकामी झाला, टनावारी हेलियम बाहेर पडला आणि ५३ चुंबके बोगद्यातून वर काढावी लागली. यंत्र वर्षाहून अधिक काळ बंद राहिले. कोणालाही इजा झाली नाही. जगाच्या अंताची भविष्ये सांगणाऱ्यांपैकी कोणीही या जोडाचे नाव घेतले नव्हते.

१७/ या दशकाने सर्नलाही काही शिकवले. धोक्याची शक्यता अत्यल्प आहे असे न म्हणता ती शून्य आहे असेच सांगायचे, अशी सूचना अधिकाऱ्यांना असल्याचे २००७ मध्ये 'न्यूयॉर्कर'मध्ये प्रसिद्ध झाले. कारण उघड आहे. शास्त्रज्ञाच्या तोंडी 'अत्यल्प' म्हणजे 'नाही'. ऐकणाऱ्याच्या कानी तेच 'थोडेसे आहे' होते. परंतु शब्द बदलल्याने शंका मिटत नाही, फार तर ती विचारायची जागा बदलते.

१८/ ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज बोसॉनच्या शोधाची घोषणा झाली आणि भीतीची जागा कौतुकाने घेतली. इतिहासाच्या दृष्टीने दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. पृथ्वी गिळली जाईल ही भीती चुकीची होती, आणि तिचे उत्तर चंद्राने आणि ताऱ्यांनी दिले. सर्वांच्या वाट्याला येणारा धोका सर्वांना न विचारता कोणी पत्करावा, ही विचारणा मात्र चुकीची नव्हती. १९४५ मध्ये ती दाराआड दडपली गेली, १९९९ मध्ये उघड्यावर आली. आता ती पुन्हा आत कोंडता येणार नाही, आणि येऊही नये.

(समाप्त)