मिरजेची जवारी, तापीकाठचा तंबोरा

तंबोरा दुकानातून घरी आला म्हणजे तयार झाला, असे कोणताही जाणता गवई म्हणणार नाही. तारा चढतात, खुंट्या पिळल्या जातात, मणी वरखाली सरकतात. मग घोडीवर प्रत्येक तारेखाली सुताचा बारीक धागा घालून तो मागेपुढे सरकवत, कान लावून बसावे लागते. एका जागी तार नुसती ठणठणते. धागा केसभर पुढे सरकला की तिच्यातून आवाजाचा झोत सुटतो आणि खर्जाच्या तारेत कोणी न छेडलेला गांधार स्वच्छ ऐकू येतो. गवई म्हणतात, जवारी लागली.

लागलेली जवारी कायमची नसते. तारा घोडीवर चरे पाडतात, आवाज बसका होत जातो आणि एक दिवस धागा कितीही सरकवला तरी गांधार येत नाही. अशा वेळी घोडी पुन्हा घासावी लागते. ते काम कानसेने होते, पण कानस कुठे थांबवायची हे कानच सांगतो. खानदेशातल्या शिरपूरच्या गायकासाठी असा कान आणि असा हात जवळपास सहाशे किलोमीटर दूर, मिरजेत. तापीच्या खोऱ्यातून कृष्णेच्या खोऱ्यापर्यंतचे हे अंतर महाराष्ट्रातल्या तंबोऱ्याच्या इतिहासात पुन्हा पुन्हा आडवे येते.

मिरजेत वाद्ये घडू लागली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. फरीदसाहेब हे त्या परंपरेचे मूळपुरुष. घराण्याचा धंदा शिकलगाराचा, म्हणजे तलवारी-भाले घडवायचे आणि त्यांना धार लावायची. इंग्रजांचा अंमल पक्का झाला, संस्थानांच्या फौजा नावापुरत्या उरल्या आणि तलवारींचे गिऱ्हाईक आटले. मिरजेत पटवर्धनांचे संस्थान होते आणि संस्थानात गाण्याची कदर होती. येणाऱ्या-जाणाऱ्या गवयांची वाद्ये वाटेत मोडत, त्यांची दुरुस्ती कोणाकडे तरी द्यावी लागे. हत्यारांवर बसलेला शिकलगारांचा हात आधी त्या दुरुस्तीला लागला आणि मग स्वतःची वाद्ये घडवू लागला. पुढे या कुटुंबांचे आडनावच सतारमेकर झाले. शिकलगार सपाट पात्याला धार काढतो, तर जवारीला घोडीची अंगची वक्रता राखावी लागते. तरी दोन्ही कामांचा जीव एकाच गोष्टीत आहे: नखाच्या जाडीहून कमी भाग घासून काढायचा आणि योग्य वेळी थांबायचे.

जवळपास त्याच काळात युरोपात, स्पेनमध्ये, एक सुतार गिटारीला आजचे रूप देत होता. अल्मेरियाचा आंतोनियो दे तोरेस १८५०च्या दशकात सेव्हिलमध्ये गिटारी घडवत होता. हुलियान आर्कासने त्याला वादकाच्या नजरेने सल्ला दिला, आणि फ्रान्सिस्को तारेगाने पुढे तोरेसची १८६४ची गिटार आयुष्याचा मोठा काळ वाजवली. आवाज कुठून येतो याबद्दल तोरेसचे मत ठाम होते, वरच्या पातळ फळीतून. ते सिद्ध करायला १८६२ मध्ये त्याने एका गिटारीची पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या केल्या, आणि ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. तोरेस आणि फरीदसाहेब यांना एकमेकांचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. दोघांच्या कामात मात्र एक गोष्ट सारखी होती. वादक आणि गायक जवळ होते, त्यांच्या तक्रारी रोज कानावर पडत होत्या, आणि त्या तक्रारींमधून वाद्य बदलत गेले.

तंबोऱ्याची तबली आणि गिटारीची वरची फळी एकच काम करतात, पण बाकी सगळे वेगळे. तंबोऱ्याचे पोट शेतात वाढते. पंढरपूर–मंगळवेढा परिसरात, भीमेच्या काठच्या जमिनीत, वाद्यांसाठी कडू भोपळ्याचे वेल मुद्दाम लावले जातात. खायच्या भोपळ्याची साल पातळ आणि गर जास्त, याचे उलट. फळ मोठे, गोल, जाड सालीचे आणि वेलावरच पुरते पिकलेले हवे. ते वाळते, मग पाण्यात भिजवून, कापून, आतला गर आणि बिया खरवडून काढतात आणि तोंडाला काठ्यांचा ताण देऊन हवा तो आकार देत पुन्हा वाळवतात. दांडी आणि तबली तून लाकडाची. हे लाकूड हलके, फिरत्या हवेत फारसे न वाकणारे. भोपळा आणि दांडी यांच्यामध्ये गळा बसतो, सांध्यावर लाकडी पाने कोरतात, वरून लाखेचे पॉलिश चढते. पूर्वी घोडीवर आणि नक्षीत हस्तिदंत आणि सांबरशिंग असे. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्या यांनी ते थांबवले, ते योग्यच झाले. आता उंटाचे हाड, काळे लाकूड किंवा प्लास्टिकच्या पट्ट्या वापरतात.

खानदेशाला भोपळ्याचे वाद्य परके नाही, हे इथे सांगायलाच हवे. धुळे-नंदुरबारच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत, साक्री-नवापूरच्या बाजूला, डोंगऱ्या देवाच्या उत्सवात जी पावरी वाजते तिचे अंगही वाळलेल्या भोपळ्याचे आणि बांबूच्या नळ्यांचे. ती फुंकायची आहे, तंबोरा छेडायचा आहे. पण सुकलेल्या भोपळ्यात नाद साठतो हे डोंगरातल्या माणसाला शास्त्रीय गायकाइतकेच ठाऊक होते. पावरी घडवणारा आणि वाजवणारा बहुधा एकाच गावचे, अनेकदा एकच. तंबोऱ्यात हे दोघे वेगळे झाले आणि त्यांच्यामधले अंतर वाढत गेले.

मिरजेला ते अंतर पुसण्याची संधी मिळाली, कारण तिथे गवई मुक्कामाला येत नव्हते, राहत होते. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत राहून शिष्य घडवत होते. कुरुंदवाडच्या विष्णू दिगंबर पलुस्करांची दृष्टी लहानपणी फटाक्याच्या अपघाताने अधू झाली, आणि संस्थानच्या आधाराने ते बुवांकडे शिकले. १८९६ मध्ये मिरज सोडून बाहेर पडलेल्या विष्णुबुवांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांचा मृत्यू १९३१ मध्ये मिरजेतच झाला, आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. मंडळाच्या परीक्षा देणारी खानदेशातली मुले-मुली त्या अर्थाने मिरजेशी जोडलेली असतात. बहुतेकांचा तिथल्या सतारमेकरांशी संबंध मात्र कधी येत नाही.

दुसरे नाव अब्दुल करीम खाँ. १८७२ मध्ये कैराना इथे जन्मलेले, बडोद्यामार्गे दक्षिणेकडे आलेले आणि पुढे मिरजेचेच झालेले. किराणा गायकीचा सगळा भर स्वर अचूक लावण्यावर, तो लांबवण्यावर, दोन स्वरांमधली जागा दाखवण्यावर. असा गायक तंबोऱ्याकडे साथीचे वाद्य म्हणून पाहूच शकत नाही. तो त्याच्याशी ताडून गातो. खाँसाहेबांचा वाद्यदुरुस्तीतही हात बसलेला होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल बावीस श्रुतींचे मोजमाप करत होते. ते निवृत्त डेप्युटी कलेक्टर, आणि त्यांचे श्रुतींवरचे इंग्रजी पुस्तक १९१० मध्ये आले. त्यांच्या प्रयोगांना खाँसाहेबांच्या गळ्याचा आधार मिळाला. एकीकडे हे मोजमाप, दुसरीकडे सतारमेकरांच्या दुकानात बसून हा गांधार अजून उघडा हवा, तो बंद हवा अशी चर्चा. मिरजेच्या तंबोऱ्याचा आवाज या दोन्हींच्या मध्ये घडला.

जवारीत नेमके काय घडते, याला भौतिकशास्त्राने उत्तर दिले ते १९२१ मध्ये. चंद्रशेखर वेंकट रामन तेव्हा कलकत्त्यात होते. तार एखाद्या बिंदूवर छेडली तर त्या बिंदूवर ज्यांची गाठ येते ते उपस्वर ऐकू येऊ नयेत, असा युरोपीय शास्त्राचा नियम. तंबोरा आणि वीणेच्या बाबतीत तो पाळला जात नाही, हे रामन यांनी दाखवले. कारण घोडीची वक्रता आणि तो धागा. तार घोडीवर एका धारेवर टेकत नाही, कंप पावताना ती पुन्हा पुन्हा पृष्ठभागाला चाटत राहते आणि मूळ स्वरातली शक्ती वरच्या उपस्वरांत वाटली जाते. म्हणूनच खर्जाच्या तारेतून गांधार वर येतो. मिरजेच्या कारागिराने हा निबंध वाचलेला नसतो, पण त्यातली गोष्ट त्याच्या बोटांना आधीपासून माहीत असते.

तंबोरा गळ्यानुसार वेगळा घडतो. मर्दानी तंबोरा मोठ्या भोपळ्याचा, लांब दांडीचा, साधारण काळी एकच्या आसपास बोलणारा. जनानी आकाराने लहान, काळी चार-पाचला लागणारा. हिराबाई बडोदेकर मिरजेतच १९०५ मध्ये जन्मल्या, अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांच्या कन्या. बायकांनी उघड मैफलीत बसून गाणे समाजाच्या पचनी पडत नव्हते, त्या काळात त्यांनी ते रुळवले. बायकांच्या गळ्यासाठी वेगळा तंबोरा घडवणारे कारागीर त्या बदलात कितपत वाटेकरी होते, हा विषय मराठीत अजून कोणी नीट हाताळायला हवा.

खानदेशात हा सगळा व्यवहार पोहोचला तो मुख्यतः नाटकांमुळे आणि रेल्वेमुळे. नारायण श्रीपाद राजहंस, पुढचे बालगंधर्व, बालपणी जळगावात होते आणि गाण्याचे पहिले धडे त्यांनी तिथेच मेहबूब खाँ यांच्याकडे घेतले. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले ते मिरज मुक्कामी, आणि रंगमंचावर उभे राहिले शकुंतला होऊन. जळगावातून मिरजेला गेलेला आवाज पुढे नाटक कंपनीच्या दौऱ्यांतून धुळे, जळगाव, अमळनेरला परत येत राहिला. त्याच्या साथीला तोवर तंबोऱ्याची जागा ऑर्गनने घेतली होती. ऑर्गनला जवारी लागत नाही, प्रवासात तो उतरत नाही. रंगमंचाच्या सोयीने पाहिले तर निवड समजण्यासारखी. पण रंगभूमीनंतर घरोघरी आणि शाळांत पेटी पसरली आणि प्रथम ऐकलेला स्वर तोच झाला. कानाला बारा पक्क्या सुरांची सवय लागली आणि गांधारातला फरक ऐकण्याची सवय मोडली, ही तक्रार देवलांच्या काळापासूनची आहे. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. त्या तीस वर्षांत स्टुडिओत तंबोरा आपसूक राहिला.

शिरपूर या नकाशावर आडबाजूला राहिले. तापीच्या उत्तरेला, अरुणावतीच्या काठी, मुंबई–आग्रा रस्त्यावर. ताप्ती खोऱ्याची रेल्वे नदीपलीकडच्या नरडाण्यावरून जाते. भोपळ्याचे वाद्य घेऊन बैलगाडी, मग रेल्वे, मग बदलीची रेल्वे असा प्रवास म्हणजे जिवावरचे काम. भोपळा लहानशा धक्क्यानेही तडकतो आणि तडकलेला भोपळा सांधला तरी पूर्वीचा आवाज परत मिळत नाही. खानदेशी उन्हाळ्यात कोरड्या झळांनी खुंट्या सैल होतात, पावसाळ्यात तबली फुगते. मिरजेच्या हवेत बसवलेली जवारी इथे एका ऋतूत बदलते. गाणाऱ्याने स्वतः धागा सरकवायला शिकणे एवढाच उपाय उरतो. गुरुजन शिष्याला रागाआधी तंबोरा जुळवायला लावत, यामागे हा व्यवहारही होता.

इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याने हा प्रश्न वरवर सोडवला. बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये तो बनवला. आज मोबाइलमध्येही तंबोरा वाजतो, आणि लहान गावांतल्या मुलांना रियाझासाठी त्याचा मोठा आधार आहे, तो कोणी नाकारू नये. पण त्यातला गांधार कोणी आधीच ठरवून दिलेला असतो. तो शोधण्याची, धागा सरकवून त्याची वाट पाहण्याची क्रिया त्या डबीत नाही, आणि गायकाचा कान घडतो तो त्याच क्रियेत. भीमसेन जोशींच्या मैफलीत पाठीमागे दोन तंबोरे असत. ते लावण्यात जो वेळ जाई तो श्रोत्यांनीही गाण्याचा भाग मानला होता.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे नावाची नक्कल करणाऱ्यांना आळा बसेल. भीमेकाठच्या भोपळ्याचे पीक मात्र त्याने टिकत नाही. भोपळा पावसावर आणि पुरावर अवलंबून, मोठ्या आकाराचे फळ दुर्मिळ होत चालले आहे, आणि शेतकऱ्याला दुसरे पीक जास्त पैसे देते. जवारी घासणारा नवा कारागीर तयार व्हायला वर्षे लागतात आणि त्या वर्षांत त्याची मिळकत तुटपुंजी असते. मानांकनाच्या बातम्यांत हा भाग क्वचित येतो.

खानदेशातल्या संगीत विद्यालयांनी एक गोष्ट सहज करण्यासारखी आहे. मिरजेचा एखादा कारागीर वर्षातून एकदा धुळ्याला किंवा जळगावला आठवडाभर बोलवावा, आसपासच्या तालुक्यांतले पडून राहिलेले तंबोरे तिथे आणवावेत आणि विद्यार्थ्यांसमोर त्यांच्या घोड्या घासून घ्याव्यात. जळगावात बालगंधर्वांच्या नावाने संगीत महोत्सव भरतो, तेव्हा गवई येतातच. त्याच दिवसांत हे ठेवले तर वेगळा खर्च फारसा नाही. शिरपूरच्या एखाद्या विद्यार्थिनीला तिच्या आजीच्या तंबोऱ्यातला गांधार पहिल्यांदा तिथेच ऐकू येईल.