कापरेकर स्थिरांक (६१७४)
देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ मध्ये शोधलेली संख्या. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी आणि येणाऱ्या उत्तरावर हीच कृती करीत जावे. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येते आणि पुढे तेच येत राहते, कारण ७६४१ − १४६७ = ६१७४. वजाबाकी तीन अंकी आली, तर पुढे शून्य धरून ती चार अंकी मानायची. हे विसरले की गाडी अडते. १९६० घेतल्यास ९४४१, ७९९२, ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२, ६१७४ अशा पुऱ्या सात पायऱ्या लागतात. तीन अंकी संख्यांसाठी असा स्थिरांक ४९५ आहे. दोन व पाच अंकी संख्यांसाठी तो नाही. हा गुणधर्म दशमान लेखनावर अवलंबून असल्याने काहींना तो निव्वळ गंमत वाटतो. तरी मार्टिन गार्डनर यांच्या १९७५ मधील लेखामुळे तो जगभर पोचला.

६१७४ = २ × ३² × ७³. अंकांची बेरीज १८. तिने भागल्यास ३४३ येतात, म्हणून कापरेकरांच्याच परिभाषेत ही ‘हर्षद संख्या’ ठरते. शिवाय १८ + १८² + १८³ = ६१७४.