न शोधलेला घटक : सांता मोनिकाच्या विहिरी आणि पेट्रोलगळतीचे भूजल-निरीक्षण

पेट्रोल पंपाखाली पुरलेल्या टाक्यांचा इतिहास बहुधा प्रशासकीय नियमांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या, रस्तोरस्ती पंप उभे राहिले आणि त्यांच्यासाठी गंजरोधक आवरण नसलेल्या पोलादी टाक्या जमिनीत गेल्या. काही दशकांत त्या झिरपू लागल्या. १९८४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने भूमिगत टाक्यांच्या नियमनाचा कायदा केला. १९८८ च्या नियमांनी जुन्या टाक्या सुधारण्यास, बदलण्यास वा बंद करण्यास २२ डिसेंबर १९९८ पर्यंत मुदत दिली. प्रस्तुत लेखाचा प्रश्न मात्र वेगळा आहे. गळतीनंतर भूजलात नेमके काय शोधावयाचे, हे कशाच्या आधारे ठरत होते? कॅलिफोर्नियातील सांता मोनिका शहराचा अनुभव या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे.

निरीक्षणाची पद्धत वरवर सोपी दिसते. संशयित पंपाभोवती किमान तीन अरुंद निरीक्षण-विहिरी घेतात, कारण तीन ठिकाणची पाणीपातळी कळल्याखेरीज भूजल कोणत्या दिशेने वाहते हे ठरत नाही. विहिरीतील छिद्रयुक्त नळी पाणीपातळीच्या वर आणि खाली अशी दोन्हीकडे राहील, याची काळजी घेतात. पेट्रोल पाण्याहून हलके असल्याने त्याचा थर पातळीवरच तरंगतो. मग ठरावीक काळाने, पुष्कळदा दर तिमाहीस, नमुने घेऊन बेंझिन, टोल्युइन, इथिलबेंझिन व झायलिन यांचे प्रमाण मोजले जाई. बेंझिन कर्करोगकारक असल्याने भर त्यावर असे. ही निवड चुकीची म्हणता येणार नाही. परंतु पेट्रोलची घटकरचना फारशी बदलणार नाही, हे गृहीतक तीत दडलेले होते.

रचना तर बदलत होती. शिशाला पर्याय म्हणून १९७९ पासून अमेरिकी पेट्रोलमध्ये मिथिल टर्शरी ब्युटिल ईथर, म्हणजे एमटीबीई, मिसळले जाऊ लागले. स्वच्छ हवेच्या कायद्यातील १९९० च्या दुरुस्तीनंतर त्याचा वापर झपाट्याने वाढला आणि कॅलिफोर्नियात ते आकारमानाने सुमारे ११ टक्क्यांपर्यंत पोहोचले. बेंझिन मातीकणांना काही अंशी चिकटते, सूक्ष्मजीवही त्याचे विघटन करतात. एमटीबीई पाण्यात बेंझिनच्या अनेक पट विरघळते, मातीला फारसे चिकटत नाही, सहजी कुजत नाही; भूजलाच्या वेगाने ते जवळजवळ तसेच पुढे सरकते. हवा शुद्ध करण्यासाठी योजलेले द्रव्य पाण्यास बाधक ठरावे, यात धोरणकर्त्यांच्या विभागवार विचारपद्धतीचा दोष मोठा आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

१९९५ साली लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने कॅलिफोर्नियातील गळतीच्या जुन्या नोंदींचे विश्लेषण प्रसिद्ध केले. बेंझिनचे लोट बहुतांशी अडीचशे फुटांच्या आत थांबतात, सबब अनेक ठिकाणी नैसर्गिक क्षयावर विसंबणे योग्य, असा त्याचा रोख होता. बेंझिनपुरते ते बरोबरच होते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सांता मोनिकाला आपल्या चार्नॉक विहिरींत एमटीबीई आढळले. पुढील वर्षी प्रमाण अब्जात सहाशे भागांच्या वर गेले आणि जून १९९६ पर्यंत तेथील पाचही नगर-विहिरी बंद कराव्या लागल्या. शहराच्या पिण्याच्या पाण्याचा सुमारे ४५ टक्के वाटा त्यांचा होता. तो आता बाहेरून विकत घेणे भाग पडले.

पुढचा शोध अधिक किचकट ठरला. विहिरींच्या परिसरात सुमारे तीस संभाव्य स्रोत होते, बहुतेक पेट्रोल पंप. कोणाचे पेट्रोल कोणत्या विहिरीत पोहोचले हे सिद्ध करण्यास पुन्हा निरीक्षण-विहिरी, पुन्हा नमुने. जबाबदारीचा वाद न्यायालयापर्यंत गेला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या १९९८ च्या अहवालानंतर, मार्च १९९९ मध्ये गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांनी एमटीबीई टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश काढला. त्यासाठी २००२ ची अखेर ही मुदत होती; ती वर्षाने वाढली.

इतिहासाच्या अभ्यासकास येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. तिमाही अहवाल हे आपले प्रमुख साधन. त्यांतील ‘आढळले नाही’ ही नोंद आणि ‘तपासलेच नाही’ ही स्थिती यांत महदंतर आहे; पण जुन्या तक्त्यांत एमटीबीईचा रकानाच नसल्याने दुसरी स्थिती कागदावर दिसतच नाही. जेथे बेंझिनचे आकडे उतरते दिसतात, तेथे प्रदूषण ओसरले असे अनुमान काढण्यापूर्वी नमुन्याचे वर्ष आणि तपासलेल्या घटकांची यादी या दोन्ही गोष्टी पाहणे अगत्याचे आहे.

चार्नॉकच्या विहिरींचे पाणी सक्रिय कार्बनमधून गाळून पुन्हा शहरास मिळू लागले, ते २०१० च्या अखेरीस.