डबा, तसबीर आणि घंटा : नित्याच्या वस्तूंचा इतिहास



स्मृतिव्याख्यानासाठी मी सूपच्या डब्याचा विषय निवडावा, याचे आपणांस आश्चर्य वाटले असेल. परंतु गेल्या शतकातील एक मोठा वाद या डब्याभोवतीच रंगला.

१९५६ मध्ये लंडनच्या एका प्रदर्शनाच्या निमित्ताने रिचर्ड हॅमिल्टन यांनी अमेरिकन मासिकांतील जाहिराती कापून एक चिकटचित्र रचले. ब्रिटनमधील युद्धकालीन शिधावाटप संपून तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. त्या चित्रातील विपुलता म्हणजे उपहासही होता आणि ओढही. १९६२ मध्ये अँडी वॉरहॉल यांनी लॉस एंजेलिस येथे कॅम्पबेल सूपच्या डब्यांची ३२ चित्रे मांडली. प्रत्येक प्रकाराला एक. राजा आणि मजूर दोघांच्याही घरी जी वस्तू सारखीच असते, ती चित्राचा विषय का होऊ नये, असा 'पॉप आर्ट'चा रोकडा प्रश्न होता.

आपल्याकडे प्रवास उलट दिशेने झाला. १८९४ मध्ये राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि राजवाड्यातील चित्र स्वयंपाकघराच्या भिंतीवर आले. तेथे वस्तूचे चित्र झाले. येथे चित्राचीच वस्तू झाली. म्हणूनच १९६५ च्या सुमारास भूपेन खख्खर यांनी देवादिकांच्या छापील तसबिरी आपल्या चित्रांत चिकटवल्या, तेव्हा त्यांना सूपचा डबा शोधावा लागला नाही. प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांचा मार्ग याहून निराळा. त्यांच्या चित्रांतील घड्याळ वा पान जाहिरातीसारखे ओरडत नाही. रित्या अवकाशात ते एकटे, विचारमग्न असते.

आता आपल्या परिसराकडे वळू. १९५६ च्या भाषावार प्रांतरचनेत राजुरा तालुका आदिलाबाद जिल्ह्यातून निघून गेला; वांकिडी येथेच राहिली. २०१४ मध्ये राज्य बदलले, २०१६ मध्ये जिल्हाही. नकाशे बदलत राहिले. पण घरातील वस्तूंनी सरहद्द मानली नाही. याच मुलखातील ओझा कारागीर मेणाची आकृती घडवून, तिच्यावर मातीचा लेप देऊन, मेण वितळवून त्या पोकळीत पितळ ओततात. साचा फोडल्यावाचून वस्तू हाती येत नाही. म्हणून दोन घंटा तंतोतंत सारख्या होणे नाही. २०१८ मध्ये या कलेला भौगोलिक मानांकन मिळाले.

वॉरहॉल यांच्यापुढे पेच होता तो एकसारखेपणाचा. आपला पेच वेगळा आहे. आपल्या वस्तू एकमेवाद्वितीय आहेत आणि त्यांची नोंद कोणीच ठेवलेली नाही. सूपचा डबा संग्रहालयात सुरक्षित आहे. आजीची घंटा मात्र मोडीत निघते, आणि तिच्याबरोबर तिचे गोंडी, मराठी आणि तेलुगू नावही जाते.

म्हणून माझी एक विनंती आहे. या शाळेत एक कपाट आणि एक नोंदवही असावी. प्रत्येक माजी विद्यार्थ्याने घरातील एक जुनी वस्तू आणावी आणि तिची सर्व भाषांतील नावे, घडवणाऱ्याचे नाव, उपयोग व वर्ष लिहून ठेवावे. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो, त्यांनी आपणांस लिहायला शिकवले. हातातील वस्तू नाहीशी होण्यापूर्वी ती लिहून ठेवणे, हीच त्यांना खरी गुरुदक्षिणा ठरेल.