लाखोळी : एका डाळीचे दोन इतिहास

लहानपणी वडिलांबरोबर मी इतवारीच्या धान्यबाजारात जात असे. दुकानदाराने तूरडाळ दाखवली की वडील ती तळहातावर पसरून बोटाने दाणे चाळून बघत. तुरीत लाखोळी मिसळली आहे का, हे त्यांना पाहायचे असे. बेसनातही तिची भेसळ होते म्हणून आई हरभऱ्याची डाळ आणून चक्कीवर समोर दळून घेई. लाखोळी खाल्ली की पाय जातात, एवढे आमच्या नागपूरच्या घरात सर्वांना पाठ होते.

पण सुट्टीत भंडाऱ्याकडे आजोळी गेलो की तीच लाखोळी ताटात असे. तिचे वरण होई, वडे होत, हिवाळ्यात कोवळ्या पाल्याची भाजी होई. आजोळच्या कोणाचेही पाय गेले नव्हते. ही विसंगती पुढे अनेक वर्षे माझ्या मनात राहिली आणि तिच्यापायी मी या डाळीचा इतिहास वाचत गेलो.

लाख, लाखोळी, लाखोरी, तिवडा, खेसारी ही सारी एकाच कडधान्याची नावे. पूर्व विदर्भातील धानपट्ट्यात ती उतेरा पद्धतीने घेतात. धान बांधीत उभा असतानाच, चिखल ओला आहे तोवर बी फेकायचे. नांगरट नाही, खत नाही. उरलेल्या ओलीवर आणि दवावर पीक येते. पाणी साचले तरी ते तगते, पाऊस दगा देऊन गेला तरी तगते. दाण्याच्या वजनाचा पाव भाग, किंबहुना त्याहून अधिक, प्रथिनेच असतात. गरिबाच्या शेताला याहून सोयीचे पीक मिळणे कठीण. मात्र तिच्या या चिवटपणातच पुढच्या अनर्थाचे बीज आहे. कारण सगळे बुडते तेव्हा शेतात हीच एकटी उरते.

तिचा दोष आपल्याकडे फार पूर्वीपासून ठाऊक होता. सोळाव्या शतकातील भावप्रकाश या आयुर्वेदग्रंथात त्रिपुट नावाने ही डाळ येते आणि तिच्यामुळे लंगडेपणा येतो, असे तेथे नोंदलेले आहे. ठगांच्या बंदोबस्तामुळे प्रसिद्ध असलेल्या स्लीमनने 1844 साली छापलेल्या आपल्या आठवणींत सागर प्रदेशातील एका गावाची हकिकत दिली आहे. 1829 साली गारपिटीने गहू गेला, पुढच्या वर्षी पाऊस कमी पडला, 1831 मध्ये रोग पडला. तिन्ही वर्षे तिवडा मात्र जोमात आला आणि लोक त्यावरच जगले. 1833 पासून तिशीच्या आतल्या माणसांचे पाय अचानक लुळे पडू लागले. गावातील सुमारे निम्म्या तरुणांना ही बाधा झाली, असे तो लिहितो.

पुढे हा सागर प्रदेश मध्य प्रांतात आला आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर झाली. 1896-97 आणि 1899-1900 अशा दोन दुष्काळांनी हा प्रांत होरपळला. वैद्यकीय सेवेतील अधिकारी अँड्र्यू ब्युकॅनन याने 1896 ते 1902 या काळातील लाखोळीच्या पांगुळपणाची पाहणी केली आणि तिचा अहवाल 1904 साली नागपुरातच छापला गेला. ज्या शहरात वडील तळहातावर डाळ चाळत होते, त्याच शहरात त्यांच्या भीतीचा पुरावा अर्धशतकाआधी छापून तयार होता.

ही कथा केवळ आपली नाही. जर्मनीतील व्युर्टेंबर्गच्या ड्यूकने 1671 साली पावात या पिठाचा वापर करण्यास मनाई केली होती. माद्रिदमधील 1811-12 च्या उपासमारीत लोक याच पिठाच्या लापशीवर जगले. चित्रकार गोयाने ते दृश्य कोरून ठेवले आहे. दुसऱ्या महायुद्धात वाप्न्यार्का येथील छावणीत ज्यू कैद्यांना गुरांसाठीचे हेच कडधान्य खायला घातले गेले. शेकडो माणसे पांगळी होऊ लागली तेव्हा कैद्यांपैकीच एक डॉक्टर, आर्थर केसलर, यांनी त्याचे कारण ओळखले.

या रोगात माणूस मरत नाही. बुद्धी, वाचा, हात शाबूत राहतात. पायांचे स्नायू ताठरतात, चालताना पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकतात; आधी एक काठी लागते, मग दोन, आणि शेवटी सरपटणे. गेलेले पाय परत येत नाहीत. 1964 साली बंगळूरच्या संशोधकांनी दाण्यातील विषारी घटक वेगळा काढला. त्याला आज ओडॅप म्हणतात. पण महत्त्वाचे आहे ते प्रमाण. आहाराचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त लाखोळीचा असेल आणि ते काही महिने सलग चालले, तर धोका उभा राहतो. गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकले की विषाचा बराच भाग निघून जातो. सोबत इतर धान्य खाणाऱ्यांना धोका कमी असतो, असे इथिओपियातील पाहण्यांतही आढळले आहे.

माझ्या विसंगतीचे उत्तर येथे मिळाले. आजी डाळ रात्री कढत पाण्यात घाली, सकाळी ते पाणी ओतून देई. ताटात भात असे, ताक असे, भाजी असे. लाखोळी चार पदार्थांतला एक पदार्थ होती. दुष्काळात मात्र भिजवायला पाणी नसते, उकळायला सरपण नसते आणि शेजारी दुसरा पदार्थ नसतो.

1961 साली केंद्राच्या भेसळप्रतिबंधक नियमांनी लाखोळीच्या विक्रीवर बंदी आली. महाराष्ट्रातही ती लागू होती. पीक तरीही थांबले नाही, बाजार तेवढा चोरटा झाला आणि शेतकऱ्याचा भाव पडला. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी या बंदीविरुद्ध वर्षानुवर्षे लढले, उपोषणाला बसले. 2008 मध्ये महाराष्ट्राने बंदी उठवली. कमी विषाचे रतन, प्रतीक, महातिवडा असे वाणही निघाले. बंदी उठली हे मला योग्य वाटते, पण तिच्यामागची भीती खोटी होती असे मी म्हणणार नाही.

कारण आजोळच्या गावात दोन काठ्यांवर चालणारा एक म्हातारा मी पाहिला आहे. तो आमच्याकडे सालदार होता. एका वाईट वर्षी त्याच्या घरात पावसाळाभर दुसरे काहीच नव्हते, असे आजी सांगे. ती डाळ त्याला कोठून मिळाली, असे मी एकदा विचारले.

“आपल्याच कोठीतून गेली होती, बाबू,” आजी म्हणाली. “त्या साली तांदूळ आपल्यालाच कमी होता.”

ती पुढे काही बोलली नाही आणि मीही विचारले नाही. आज काय खावे, किती खावे, कसे शिजवावे, याचे सल्ले आपल्याला रोज मिळतात. ते बहुतेक बरोबरही असतात. आजीची रीत त्यांच्याहून वेगळी नव्हती. पण एकाच कोठीतली डाळ खाऊन आमचे पाय राहिले आणि त्याचे गेले. फरक डाळीत नव्हता, सवयीतही फारसा नव्हता. आमच्या ताटात आणखी काय वाढायचे, हे ठरवता येत होते. त्याला ते येत नव्हते.